टिकलीसाठी मेंढा

आमच्या घरी जावई आला की आधी त्याचे दात पाहिले जात. मग खुर, मग खालचा जबडा वरच्याशी जुळतो की नाही ते. मग माझी मोठी जाऊ पदर दातांत धरून आणखी एक तपासणी करायची, तिचं वर्णन मी करत नाही. सगळं नीट निघालं की त्याच्या कपाळाला कुंकू लागायचं, ओवाळणं व्हायचं आणि भिजवलेल्या हरभऱ्याची पाटी त्याच्या पुढ्यात यायची. जावई म्हणजे मेंढा. जावेच्या माहेराहून, तळेगावाकडून, दर दोन-तीन वर्षांनी येणारा. माझ्या लेकीचा नवरा लग्नानंतर पहिल्यांदा आला तेव्हा अंगणातून कुणीतरी "जावई आले" म्हणून हाक दिली आणि जाऊ खरंच हरभऱ्याची पाटी घेऊन बाहेर आली. तो बिचारा अजून मला त्यावरून चिडवतो.

हसण्यासारखंच आहे सगळं. पण हे लिहायला बसले ती हसू आलं म्हणून नाही. गेल्या तीन पावसाळ्यांत आमच्या घरात जे झालं ते मनातून जात नाही, आणि ज्यांच्या हातून झालं त्या दोघांवर रागवावं तर त्यांच्याकडे पाहून रागही टिकत नाही, म्हणून लिहिते आहे.

मी मूळची सेलूची. वडिलांचं किराणा दुकान होतं, म्हणजे हिंग, जिरं आणि गूळ यांच्या वासात वाढलेली. लग्न होऊन देवळीच्या पुढच्या या गावात आले आणि पहिल्याच दिवशी गोठ्याच्या बाजूने मेंढ्यांचा वास नाकात शिरला. मी नाकाला पदर लावला. जाऊ शेजारी उभी होती. ती म्हणाली, "लाव, लाव. चार दिवसांनी तुह्या पदरालेच तो वास येईन." चार दिवस नाही, पण वर्ष-सहा महिन्यांत तसंच झालं. आमच्या घरात कापूस, सोयाबीन, तूर ही पुरुषांची कामं आणि मेंढ्या आमच्या दोघींच्या. भासरे, म्हणजे जावेचा नवरा, होते तोवर ते कधीमधी चारायला न्यायचे. ते गेल्यावर माझा नवरा खाटेवर बसून सल्ले देऊ लागला. उंटावरून शेळ्या हाकणारे खूप पाहिले, खाटेवरून मेंढ्या हाकणारा हा एकच.

कळप लहानच. कधी आठ मेंढ्या, कधी बारा. गावात लोक विचारतात, एवढ्याशा मेंढ्यांत काय मिळतं. खत मिळतं, वर्षाला काही नर विकले जातात, आणि भांडायला विषय मिळतो. पण जावेसाठी त्या मेंढ्या या हिशेबात बसणाऱ्या नव्हत्याच. तिच्या लग्नात तिच्या वडिलांनी तिला एक गाभण मेंढी आंदण दिली होती. काळी, आणि कपाळावर अगदी टिकली लावावी तसा पांढरा ठिपका. बाकीचं आंदण कधीच संपलं. भांडी मोडीत गेली, साड्या फाटल्या, पेटीला गंज चढला. मेंढीच तेवढी नवी होत राहिली. आईच्या पोटी लेक, लेकीच्या पोटी लेक, आणि दर पिढीत निदान एकीच्या तरी कपाळावर तो ठिपका. जाऊ म्हणायची, "बापाचं घर तिकडं हाय, पण त्याचं दार मह्या गोठ्यात उघडते."

बाकीच्या मेंढ्या इकडून तिकडून आलेल्या होत्या. एक लंगडी, तिचं घराणं वेगळं. एक भुरी, तिचं वेगळं. कुणाला कुठल्या मेंढ्याखाली सोडायचं आणि कुणाला नाही हे ठरवायला आम्ही जुन्या साड्यांच्या चिंध्या वापरायचो. जावेच्या आंदणाच्या मेंढीचं घराणं म्हणजे तिच्या लग्नाच्या साडीचा लाल काठ. लंगडीचं घराणं म्हणजे माझी हिरवी साडी, जी मला अजूनही नेसायची होती आणि जावेने न विचारता फाडली. भुरीचं घराणं पिवळं. कोकरू जन्मलं की आईच्या रंगाची चिंधी गळ्यात. आणि त्यावर गाठ, ज्या मेंढ्याचं ते असेल त्याची. पहिल्या जावयाची एक गाठ, दुसऱ्याची दोन. आमचा कळप गावातून निघाला की शेजारणी म्हणायच्या, "आल्या वो, दोघी जावांच्या साड्या चराले निघाल्या."

उन्हाळा संपत आला की आम्ही दोघी अंगणात बसायचो आणि जुळवाजुळव सुरू व्हायची. तूर निवडता निवडता, म्हणजे हात कामात आणि तोंड मोकळं. ही दोन गाठीवाली, म्हणजे याचीच लेक, हिला बाजूला बांधायची. ही हिरवी, हिला चालेल. भुरीला गेल्या वेळी जुळं झालं आणि ती खंगली, तिला यंदा विश्रांती. जाऊ अशी बोलायची जसं काही आम्ही गावातल्या पोरींची लग्नं ठरवतो आहोत. कधी मी मुद्दाम एखादी चुकीची जोडी सुचवायचे, तर ती तुरीचं सूप बाजूला ठेवून माझ्याकडे पाहायची. "तुह्या बापानं तुले किराण्यासंगं अक्कलबी इकली काय?" म्हणायची.

वर्षभर मेंढ्याच्या पोटाखाली तरटाचा तुकडा बांधलेला असायचा, दोऱ्या पाठीवरून घेऊन. आम्ही त्याला लंगोट म्हणायचो. तो बांधलेला असला की मेंढा कळपात फिरतो, खातो, मिरवतो, पण त्याच्याकडून काही होत नाही. आषाढ लागला की जाऊ लंगोट सोडायची आणि त्याच्या छातीला तेलात कालवलेला गेरू चोपडायची. मग सकाळी कोणत्या मेंढीच्या पाठीवर लाल डाग उमटला ते पाहायचं. डाग दिसला की ती ठरली. आषाढात ठरली की मार्गशीर्षात कोकरू. तोवर सोयाबीन निघालेलं असतं, बांधांवर पाला असतो, आईला दूध येतं.

या सगळ्याचे नियम जावेच्या वडिलांचे. मी त्यांना दोनदाच पाहिलं, डोक्याला फेटा, आवाज असा की मेंढरंच काय, पाहुणेही सरळ चालतील. त्यांचे दोन नियम जाऊ देवाच्या नावासारखे म्हणायची. पहिला, बापाखाली लेक नाही आणि आईवर लेकाची सावली नाही; एका रक्ताची जोडी लावायची नाही. त्यासाठी ते स्वतः वर्धा नदीपलीकडून, अमरावतीकडून नवा मेंढा आणायचे आणि त्याचा एक बच्चा आमच्याकडे पाठवायचे. गळ्यात पितळेची घंटी बांधून. बदल्यात आमच्याकडचा एक नर तीच घंटी गळ्यात घालून तिकडे जायचा. पैसा नाही, हिशेब नाही. घंटी जाते आणि येते.

दुसरा नियम असा की मेंढा मागायचा नसतो. ज्याची पाळी असेल तो पाठवतो. मागणं म्हणजे त्याला सांगणं की तू विसरलास, तुझ्या शब्दाला किंमत राहिली नाही. "मेंढा मांगाचा नसते. तो येते," एवढंच जाऊ म्हणायची. मला पहिल्यापासून हा नियम आवडला नव्हता. ज्याला गरज आहे त्याने तोंड उघडावं, असं दुकानदाराच्या लेकीला वाटणारच. पण माझ्या वाटण्याला त्या घरात किती भाव होता ते वर सांगितलंच आहे.

जावेचे वडील गेले. पाळी आली तशी तिच्या भावाने एक मेंढा पाठवला, आम्ही त्याला ओवाळलं, आणि आमच्याकडचा एक तरणाबांड नर घंटी बांधून टेम्पोत चढवला. भावाकडून आलेला तो मेंढा शेवटचा; दोन वर्षांनी तो रोगाने मेला. त्यानंतर पुन्हा भावाची पाळी आली आणि मेंढा आला नाही.

तोवर आंदणाच्या घराण्यात एकच मेंढी उरली होती. टिकली. तिला एक लेक झाली होती, तीही ठिपक्याची. ती पहिल्याच वेतात गेली आणि मागे एक नर ठेवून गेली. त्याला जावेने बाटलीने दूध पाजून वाढवलं. तोच आमचा घरचा मेंढा झाला. देखणा, माणसाळलेला, भाकरीसाठी स्वयंपाकघरात डोकं घालणारा. बाकी सगळ्यांना तो चालत होता. फक्त टिकलीला नाही, कारण तो तिचा नातू.

पहिल्या पावसाळ्यात जाऊ म्हणाली, "येईन मेंढा. भावाचं काहीतरी काम निघालं असन." टिकलीला आम्ही गोठ्यात वेगळं बांधून ठेवलं. ती माजावर आली की रात्रंदिवस ओरडायची. दुसऱ्या पावसाळ्यातही तेच. आता मी रोज म्हणू लागले, "बाई, फोन करा ना. तुमच्या हातात तर हाय मोबाईल."

फोन तर होतच होते. ही गोष्ट मला अजून कळत नाही, किंवा कळते आणि म्हणूनच जास्त लागते. भाऊ-बहिणीत भांडण नव्हतं. दर आठ-पंधरा दिवसांनी फोन व्हायचा. पाऊस झाला काय, संत्र्याला बार, म्हणजे बहर, किती, गुडघा कसा आहे, पोरं काय म्हणतात. पोरं नागपुरात कामाला होती. अर्धा अर्धा तास बोलायची दोघं, आणि मेंढ्याचं नावही निघायचं नाही. फक्त शेवटी, ठेवतो म्हणायच्या आधी, तिकडून एक प्रश्न यायचा. "टिकली कशी हाय वो ताई?"

"बरी हाय," जाऊ म्हणायची. फोन ठेवायची. आणि मग माझ्यापुढे तिची जीभ सुटायची. "टिकली कशी हाय म्हणते. डोया नाही काय त्याले? पाळी कोनाची हाय ते मालूम नाही काय? माह्या बापानं एकबी वर्ष चुकवलं नाही. अन् हा इचारून राह्यला, टिकली कशी हाय." तिला तो टोमणा वाटायचा. मलाही तेव्हा तसाच वाटला, हे खरं.

"मी इचारू काय?" मी म्हटलं होतं. "तुमी नका इचारू. मी सहज बोलता बोलता काढते."

तिने माझ्याकडे रोखून पाहिलं. "तू इचारलं काय अन् म्या इचारलं काय, एकच. मांगून आणलेला जावई मले नाही पायजे." बाजारातून घ्यावा म्हटलं तर ते त्याहून वाईट. पैशाने आणलेला, ज्याच्या आईबापाचा पत्ता नाही असा मेंढा तिच्या बापाच्या मेंढीवर! नवरा खाटेवरून म्हणाला, "अरे, मेंढीच हाय ती. राणी हाय काय?" त्या दिवशी त्याच्या भाजीत मीठ कमी पडलं की जास्त ते आठवत नाही, पण बरोबर पडलं नव्हतं.

तिसरा पावसाळा आला तेव्हा टिकलीचे पुढचे दोन दात पडले होते. चरायला गेली तरी गवत नीट तुटत नव्हतं. जाऊ तिला डाळीची चुनी भिजवून द्यायची, शेंगदाण्याच्या पेंडीची ढेप कुटून द्यायची. या वर्षी नाही तर कधीच नाही, हे आम्हा दोघींना ठाऊक होतं. त्या वर्षीची आमची अंगणातली बैठक मला आठवते. हिरव्या, पिवळ्या सगळ्या चटकन ठरल्या. लाल काठाची एक चिंधी उरली. तूर निवडून संपली तरी जाऊ सुपातच बोटं फिरवत होती.

आषाढ गेला. तिने घरच्या मेंढ्याचा लंगोट सोडला, टिकलीला वेगळं ठेवलं. बाकीच्यांच्या पाठी लाल झाल्या. दारात एखादा टेम्पो थांबला की जाऊ हातातलं टाकून बाहेर जायची आणि खताची पोती पाहून परत यायची. पोळा जवळ आला. टिकली पुन्हा माजावर आली, आणि जाऊ म्हणाली, "आता ही शेवटची येळ."

मी म्हटलं, "बाई, फोन."

ती उठली. गोठ्यात गेली. टिकलीचं दावं सोडलं आणि तिला कळपात ढकललं. बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा पाहवत नव्हता. बापाचा एक नियम पाळण्यासाठी तिने बापाचा दुसरा नियम मोडला होता. मागायचं नाही हे पाळलं, आणि एका रक्ताची जोडी लावली. दोन्हींतला कोणता मोडला असता तर निदान कुणाचं नुकसान झालं नसतं, हे शेंबड्या पोरालाही सांगता आलं असतं. पण नियम आईबापाने दिलेले असले की माणूस त्यांचं वजन करत नाही. जो जास्त दुखतो तोच पाळतो.

सकाळी टिकलीच्या काळ्या पाठीवर गेरूचा डाग होता. एरवी डाग दिसला की आम्ही एकमेकींना टाळी द्यायचो. त्या दिवशी जावेने ओल्या फडक्याने तो डाग पुसून टाकला.

ते पाच महिने मी तिला स्वस्थ बसू दिलं नाही असं वाटतं आता. सारखी काहीतरी बोलत होते. होतं कधी कधी चांगलंही, म्हणत होते. सगळीच काही वाईट निघत नाहीत. ती ऐकायची. टिकलीच्या पोटावर हात ठेवून बसायची. एकदा म्हणाली, "मादी होऊ दे फकस्त. बाकी काई मांगत नाही." मागत नाही म्हणणाऱ्या बाईने तेवढं मात्र मागितलं, आणि तेवढं तिला मिळालं.

थंडीच्या ऐन भरात, सकाळी ऊन अंगणात उतरत असताना टिकली व्याली. मादी कोकरू. काळं कुळकुळीत आणि कपाळावर तो ठिपका, बोटाने लावल्यासारखा. माझ्या तोंडून "झालं वो बाई, झालं" एवढंच निघालं. मी लाल चिंधी आणायला आत पळाले. परत आले तर जाऊ कोकराच्या तोंडात बोट घालून बसली होती. जावयांचा जबडा तपासताना घालायची तसंच. तिने बोट काढलं नाही. म्हणाली, "खालचा जबडा आखूड हाय."

कोकराला सड धरता येत नव्हता. ओठ लावायचं आणि दूध बाजूने ओघळायचं. आम्ही टिकलीचं दूध पिळून बाटलीने पाजलं, मग चमच्याने, मग कापसाची वात करून. देवळीच्या दवाखान्यातून औषध आणलं. जावेने ते कोकरू आपल्या लुगड्यात गुंडाळून चुलीजवळ ठेवलं. कधी थोडं पोटात जायचं, कधी ठसका लागून सगळं बाहेर यायचं. टिकली दाराशी येऊन ओरडायची आणि कोकरू आतून उत्तर द्यायचं, दर दिवशी आणखी बारीक आवाजात. माघ लागायच्या आधीच ते गेलं. मी बांधलेली लाल चिंधी जावेने सोडली नाही, तशीच त्याच्याबरोबर पुरली.

मग तिने फोन लावला. माणूस गेल्यावर कळवतात तसा. भावाने उचलला आणि हिने पाऊस-पाणी काही न विचारता सांगितलं, "बाबू, टिकलीची पोर मेली." मग तो म्हणाला, "येतो."

दुसऱ्या दिवशी दुपारच्या एसटीने तो आला. गुडघ्यावर हात ठेवत फाट्यापासून चालत. हातात एक कापडी पिशवी. जाऊ ओसरीत बसली होती, उठली नाही. मी पाणी दिलं. त्याने पाणी प्यायच्या आधी पिशवीत हात घातला आणि पितळेची घंटी काढून ओसरीच्या फरशीवर ठेवली. मेंढ्याशिवाय ती घंटी मी पहिल्यांदाच पाहत होते. आत धूळ बसली होती. कित्येक दिवस ती कुणाच्या गळ्यात नव्हती हे दिसत होतं.

"मेंढा नाई राह्यला, ताई," तो म्हणाला. "मेंढरंच नाई राह्यले. चौफेर संत्रा लागला, कुंपणं झाले, चाराले जागा नाई. पोरं गेले नागपूरले. माह्यानं चालणं होत नाई. व्यापारी आला अन् म्या सगये देऊन टाकले." मग म्हणाला, "तुमी पाठवला होता तो मेंढाबी त्यातच गेला."

जाऊ घंटीकडे पाहत होती. "कवा?"

"झाले तीन वर्षं."

"मंग सांगतलं काऊन नाई?"

"काय सांगू? बाबांचे मेंढरं इकले, तुहा मेंढा इकला, हे फोनवर सांगू?" तो गुडघा चोळू लागला. "वाटे, तू इचारशीन. पाळी माही होती, तू इचारलं असतं तं मी सांगतलं असतं. दरवेळी वाटे, आज इचारते. तू इचारलंच नाई."

"मांगाचा नसते ना," जाऊ म्हणाली. लहान मुलीसारखी म्हणाली ती.

"व्हय," तो म्हणाला. "नसते."

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. तीन वर्षं दोघांनी आपापली मूठ झाकून ठेवली आणि उघडली तेव्हा एकाच्या हातात घंटी होती, दुसरीच्या हातात काहीच नव्हतं. मला त्या दोघांना धरून हलवावंसं वाटलं. एवढं अर्धा अर्धा तास बोलत होता, संत्र्याच्या बारापासून गुडघ्याच्या तेलापर्यंत सगळं बोलत होता, एक वाक्य जड झालं तुम्हाला? पण मी उठून चुलीकडे गेले. साठीच्या पुढची ती दोन माणसं अशी समोरासमोर बसली होती जसा त्यांचा बाप आत्ता दारातून येईल आणि दोघांनाही विचारेल.

भाकरी खाताना तो हळूच म्हणाला, "मी टिकलीचं इचारत होतो ना फोनवर, ते उगाच नव्हतो इचारत. टिकलीले पोर झाली तं एक मादी तुह्यापाशी मांगाव असं मनात होतं. दोन-तीन मेंढ्या दारात बांधल्या असत्या. बाबांचीच जात पुन्हा झाली असती."

जावेच्या हातातला घास तसाच राहिला. मग तिने ताट बाजूला केलं आणि म्हणाली, "लंगडीची घेऊन जाय ना. चांगली हाय. हिरव्या चिंधीची."

"नको," तो म्हणाला. "ते घराणं आपलं नाई." मग बहिणीला वाईट वाटलं असेल असं समजून म्हणाला, "पाहू. पुढच्या वर्षी पाहू." पुढच्या वर्षी पाहायला काही उरलं नव्हतं, हे त्यालाही माहीत होतं. जाताना त्याने घंटी परत पिशवीत घातली नाही. जावेने दिलीही नाही. फाट्यापर्यंत ती त्याला पोचवायला गेली. मी ओसरीतून पाहिलं, दोघं अगदी हळू चालत होती, आणि बोलत होती. परत आल्यावर म्हणाली, "काय वो, म्या तवाच फोन केला असता तं." तेवढं बोलून आत गेली. केला असता तर नदीपलीकडून दोघांनी मिळून मेंढा शोधला असता. केला असता तर टिकली अजून दात असताना व्याली असती. हे मी तिला कधीच म्हटलं नाही, कारण ते तिला माझ्याआधी कळलं होतं.

आता ती दर दोन दिवसांनी भावाला फोन करते. सगळं विचारते, नको तेही विचारते. तोही सांगतो. एवढ्या उशिरा शिकलेली गोष्ट दोघं फार मन लावून करतात, आणि मला ते ऐकवत नाही.

यंदा देवळीच्या बाजारातून मेंढा आणला. जाऊ स्वतः बाजारात आली, दात पाहिले, जबडा पाहिला, पैसे दिले, दावं धरून घरी आणला. त्याला ओवाळलं नाही. कुणी त्याला जावई म्हणत नाही. घरच्या मेंढ्याचं घराणं आता नराकडूनच चालणार, म्हणजे ठिपका कधी उमटला तर उमटेल, पण लाल काठाची चिंधी आता कुणाच्या गळ्यात जायची नाही. आईकडून लेकीला, अशीच ती जात होती. टिकलीच्या गळ्यात आहे ती शेवटची. ती आता माजावर येत नाही. दिवसभर भिंतीच्या उन्हात बसून असते.

बाजारच्या मेंढ्याच्या गळ्यात जावेने ती घंटी बांधली. धुतली, चिंचेने घासली आणि बांधली. मी विचारलं नाही का बांधली. पहिल्यांदा तो घंटी वाजवत अंगणातून गेला तेव्हा टिकलीने मान वर केली. तरुणपणी तिने तो आवाज ऐकला होता, त्या आवाजामागून लेक झाली होती. ती पुढचे पाय टेकून कशीबशी उठली आणि दोन पावलं त्याच्या दिशेने गेली. जाऊ तूर निवडत होती. तिने सूप खाली ठेवलं, जाऊन टिकलीच्या मानेवर हात ठेवला आणि म्हणाली, "बस माय, बस. हा आपला नव्हे."